तिकडची मी

६ फेब्रुवारी
आले एकदाची. जिना अरुंद आहे, पण वरच्या दोन्ही खोल्यांत भरपूर उजेड. घरमालकीण काकू खाली राहतात. किल्ली देताना त्यांनी नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते तीनदा समजावलं. काम तेच जुनं, कवळ्या बनवण्याचं. इथे सत्तरीचे एक कारागीर आहेत, त्यांना सगळे बत्तीशी म्हणतात आणि त्यांच्या तोंडात स्वतःचे चारच दात उरलेत. माझं काम बघून म्हणाले, मेण लावताना तुझा हात हलत नाही, टिकशील. नवरा बदली घेऊन जुलैत येईल. तोवर महिन्यातून एखादा रविवार.

८ फेब्रुवारी
आज सोशल मीडियावरचं खातं कायमचं बंद केलं. अकरा वर्षांचं होतं. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा मोह नको. दिवस राहिले तेव्हा आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा. तरी आठवड्याभरात मला तिथे पाळण्यांच्या आणि दुपट्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. तिसऱ्या महिन्यात, डिसेंबरात, सगळं संपलं. दवाखान्यातून येऊन फोन उघडला तर लिहिलेलं, ‘आता बाळ लिंबाएवढं झालं असेल.’ मग दर आठवड्याला एकेक मोठं फळ. तारीखही त्यांनीच काढलेली, चार जुलै. बंद करताना तीनदा विचारलं, नक्की ना? नक्की. डोक्यावरचं ओझं उतरलं. आज रात्री नीट झोप लागेल, उद्या नवऱ्याला फोन करून सांगेन.

२ मार्च
ताईचा फोन. आनंदाने रडत होती. एवढी गोड बातमी सख्ख्या बहिणीला जगाबरोबर कळावी का, म्हणाली. मला काही उमगेना. तिने पाठवलेलं बघितलं. माझंच खातं. माझाच चेहरा, वर आलेलं पोट, खाली लिहिलेलं, ‘पाचवा महिना’. मग डिसेंबरातलं सगळं ताईला सांगावंच लागलं. शेवटी म्हणाली, “मग हे कोण लिहितंय गं?”

१० मार्च
तक्रारीला उत्तर आलं: हे खातं कधीच बंद झालेलं नाही, खातेदार रोज येतात. नवरा संतापला, वकील गाठतो म्हणाला. बत्तीशींचं म्हणणं, तोंड न बघता नुसत्या साच्यावरून आपण दात करतोच की, तसाच कुणीतरी माझा साचा उचललाय. पटलं. जरा धीर आला.

२९ मार्च
नवा फोटो. मागे इथल्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. अंगात राखाडी कुर्ता, जो मी परवाच घेतला. या घरात मी एकही फोटो काढलेला नाही. परवापासून कुणी आलेलंही नाही.
संध्याकाळी काकू म्हणाल्या, अशा अवस्थेत जिन्यावरून बादली नेऊ नकोस. मी स्पष्ट सांगितलं, तसं काही नाही. त्या हसल्या. पहिल्या खेपेला लाजायला होतंच, म्हणाल्या. बोलताना माझ्या सपाट पोटाकडेच बघत होत्या.

२७ एप्रिल
नवरा आलाय. तो आंघोळीला गेला तेव्हा बसची वेळ बघायला त्याचा फोन घेतला. मार्चपासून तो त्या खात्यावरच्या तिला लिहितोय. रोज. ‘आज लाथ मारली का?’ ती उत्तर देते, माझ्या शब्दांत, माझ्यासारखेच अर्धे शब्द गाळून.
विचारलं. त्याने मान वर केली नाही. “ती तू नाहीस हे कळतं मला. पण तुझ्याशी बोललं की ते गेल्याचं आठवतं. तिच्याशी बोललं की ते असतं.”
मला रडूही आलं नाही.

२४ मे
आज तो येणार होता. दिवसभर वाट बघितली, दाराबाहेरसुद्धा गेले नाही. फोन केला तर म्हणाला, आत्ताच तर निघालो तुझ्याकडून. काकूंनीही त्याला बघितलं. पाळणा वर चढवताना त्याची दमछाक झाली म्हणे.
आतल्या खोलीत पाळणा नाही. दोनदा बघितलं.
फोटोत आहे.

१९ जून
बत्तीशींनी बाळंतपणाची रजा मंजूर झाल्याचं सांगितलं. मी मागितली नव्हती. माझ्या टेबलावर दुसरीच मुलगी मेण वितळवत बसलेली. ताईला फोन केला — बाळंतपणाला येतेय म्हणाली. म्हटलं, ताई, डिसेंबरातलं सांगितलं होतं ना तुला. तर ती अगदी परक्यासारखं —
“आपण कोण बोलताय?”

२ जुलै
काकूंना जिन्यात हाक मारली. दोनदा. माझ्या शेजारून गेल्या. पदर घासला माझ्या हाताला, तरी —
फोनवर माझा आवाज पोचत नाही कुणाला. लिहिलेलं उमटतंय अजून. हे तरी उमटतंय.

४ जुलै
भर दुपार. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी लोटलं नाही.
रडणं. बारीक, नव्या गळ्याचं —
काकू गरम पाणी घेऊन आत गेल्या. जिन्यात नवरा. ताईसुद्धा. तो हसतोय — किती दिवसांनी.
आत कुणीतरी गुणगुणतंय. आवाज माझाच.
पळायला हवं. जिना मोकळा आहे. कुणी अडवणार नाही, कुणाला दिसतच नाही मी —
पण रडणं थांबलं. चुटूचुटू पितंय.
दार ढकललं तर — एकदाच. काही मागणार नाही, हातही लावणार नाही. नाक कुणावर गेलंय, एवढंच फक्त