दिवेलागणीचे लंगोट

९ डिसें.
परवा पोरीला घरी आणलं. महिनाभर आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत राहून आलेली. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरी, घोडेगावात. सासूबाईंनी (इथून पुढे सा.बा., एवढा मान पुरे) खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्यात. बाजेखाली शेगडी. हवा अशी कोरडी की माझे ओठ फुटले, पोरीच्या नाकात खपल्या. दूध ओढता ओढता सोडते, श्वासाला थांबते, रडते.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शेगडी नको. खिडकी थोडी उघडी. खोकणारं माणूस आत नको. आणि थंडीत खोलीतली हवा फार सुकू द्यायची नाही, ओलं फडकं टांगा. कोरड्या हवेत नाक सुकतं, खोकल्याचे थेंबही सुकून हलके होतात नि तरंगत राहतात. सर्दी छातीत उतरली तर पुन्हा पेटी.

सा.बा.: "ती डॉक्टरीन कदी बाळंतीन झाली का?"
दोनदा झालीय म्हटलं. "मग इसरली आसंल."

१० डिसें.
ओला टॉवेल टांगला. डोळा लागला तेवढ्यात गायब. बाहेर उन्हात वाळून खडखडीत. "ओल बाळंतिनीला बाधती." पुन्हा टांगला, पुन्हा काढला. हे म्हणाले, "तुमच्या दोघींच्यात मला घेऊ नका," आणि टेम्पो घेऊन निघून गेले. नवरा आहे की पाहुणा?

१२ डिसें.
सापडलं! सा.बां.चाच नियम: दिवेलागणीनंतर तान्ह्याचे कपडे बाहेर दोरीवर ठेवायचे नाहीत. आज घाण लंगोट दाराआड दडवले, ऊन उतरल्यावर बाहेर दिले. बडबडत धुतले त्यांनी. दिवे लागले तसे ओलेचिंब आत आणावे लागले. खोलीभर दोरी. वर लंगोट पेटतील म्हणून शेगडीही बाहेर गेली. मी तोंड भिंतीकडे करून हसले.

१५ डिसें.
खपल्या गेल्या. पोरगी न थांबता प्यायली. जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

१७ डिसें.
फजिती. खिडकी बंदच, त्यात मी हावरटासारखे सगळेच लंगोट टांगलेले. कोपऱ्यात भिंत ओली, काळे ठिपके. सा.बां.नी भिंतीवर बोट फिरवून माझ्या नाकासमोर धरलं. "ह्ये घे तुजी डॉक्टरीन." फोन केला तर डॉक्टरीणबाई मलाच ओरडल्या: भिंतीला घाम फुटेस्तोवर कोणी सांगितलं होतं? आणि खिडकीचं काय?

निम्मे लंगोट काढले, भिंत पुसली, चिंध्या उपटल्या. संध्याकाळी चिंध्या पुन्हा जागेवर.

१९ डिसें.
वन्सं अकोल्याहून आल्या, खोकत खोकत. पोरीला उचलून थेट तोंडाशी. "गार हवेचा खोकला हाय, लागत न्हाई कुनाला." मी हिसकावून घेतली. त्या रडल्या. सा.बा. कडाडल्या, "माज्या लेकीचा इटाळ धरतीस व्हय गं?" वन्सं दुपारच्या एस्टीने परत. माफी मागणार नाही. कधीच नाही.

२१ डिसें.
सा.बा. खोकतायत. पोरीला न्हाऊ घालायला आल्या, मी आतून कडी घातली.
"माजी नात हाय ती!"
"म्हणूनच."
दारावर थापा, मग माझ्या माहेराचा उद्धार. यांनी घरी येऊन खिडकीतल्या चिंध्या बाहेरूनच उपटल्या आणि चुलीत घातल्या. लग्नानंतरची पहिली कामगिरी.

२२ डिसें.
दिवेलागणीला दार वाजलं. फटीएवढंच उघडलं. सा.बा. तोंडाला पदर बांधून, मान वळवून, लांबूनच हात पुढे केलेला. हातात ओले लंगोट. सगळे नाही, भिंत भिजणार नाही एवढेच.
"रीत म्हनून आनलेत. तुज्या डॉक्टरीनीसाठी न्हाई."
घेतले. आभार वगैरे मानले नाहीत. कडी लावली.

दोरीवर टाकत होते तेवढ्यात पोरगी शिंकली. मग आणखी एकदा. दाराबाहेर पावलं निघाली होती, ती थांबली.
"माज्यामुळं का गं?"

किती दिवस याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरही तयार होतं, चांगलं जहरी. तोंडातून निघालं नाही. वन्संचं असेल, त्यांचं असेल, नुसतीच शिंक असेल. पोरीला छातीला लावलं. ओढतेय, अजून तरी न थांबता. बाहेरची पावलं अजून हललेली नाहीत.