कुटुंबाचा रकाना

यवतमाळ, ११ मार्च १९६४

प्रिय मधू,

तू परस्पर लग्न केलंस त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या बाबांना चोरूनच तुला लिहीत आले. आज त्यांच्यासमोर बसून उघड लिहितेय.

आमच्या तेलगिरणीला आरोग्य विमा लागू झाला. पगारातून हप्ता कापला जातो, मी कुरकुर केली नाही. आता घरच्यांनाही उपचार मिळणार म्हटल्यावर ‘कुटुंब’ या रकान्यात मी आधी बाबांचं नाव लिहिलं. त्यांचा मोतीबिंदू पिकलाय, नागपूरला न्यायला सांगितलंय. आमचे हेडक्लार्क पंजाबराव चष्मा पुसत म्हणाले, आईवडील पुरुषाच्याच कुटुंबात धरतात, बाईच्या नाही. म्हणजे दहा वर्षं ज्यांची भाजी मी बिनतिखटाची करते ते माझे कोणी नाहीत. आणि ज्यांनी तुझं नाव घरात काढू दिलं नाही, ते तुझे! हसावं की रडावं कळेना. पोती शिवणारी लालीबाई म्हणाली, “बापाले तू सांभाळून राह्यली, मंग कागदावर भाऊ काहून?”

तुझा विमा नागपूरच्या गिरणीत आहेच. म्हणून मी एक लबाडी योजली. बाबांना दिसत नाही. त्यांना तुझ्या कुटुंबात धरण्याच्या अर्जावर मी बोट ठेवीन तिथे सही करतील. पण ते म्हणाले, आधी वाच. मी वाचलं, आणि आता घर डोक्यावर घेणार म्हणून डोळे मिटून घेतले. त्यांनी सही केली आणि विचारलं, “मधूची पोरगी आता शाळेत जात असेल ना?”

तुला मुलगी झाल्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं रे! तुझी पत्रं डाळीच्या डब्यात लपवायची मी, आणि दिसत होतं तोवर बाबांनी ती सगळी वाचलेली. मला आनंद झाला, आणि रागही आला. दोन्ही खरं.

अर्ज सोबत आहे. सही कर, आणि रविवारी बाबांना न्यायला ये. त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आणखी एक. नियम सुधारायचे म्हणून गिरणीत सूचना मागवल्यात, सोमवारी द्यायच्या आहेत. मी लिहिलं, बाईचे आईवडीलही तिचं कुटुंब धरावेत. लिहिताना अगदी न्यायाचं वाटलं. पण हाच नियम आज असता तर बाबा माझ्याच विम्यावर गेले असते, तुझ्याकडे यायला ती पिशवी भरलीच नसती. मग कागद देऊ की फाडू, काही समजत नाही. बहुतेक देईन. पण तुम्ही दोघं एस.टी.त बसल्यावर.

तुझीच,
सुमेधाताई