विहीण ओढली आणि अंग आखडलं

ती. झूराकानताईस,

धाकट्या उलकानचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं अजून ठणकताहेत. तेव्हा या खेपेचा नमस्कार रीतीपुरता नाही, एकेका अंगाची आठवण ठेवून घातलेला आहे.) तुझी तब्येत कशी आहे? भाओजींचा खोकला गेला का? तांबड्या घोडीला शिंगरू झालं असेल तर कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. ‘खुशाल’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, कारण परवापरवापर्यंत मला नाक शिंकरायलासुद्धा नवऱ्याचा हात लागत होता.

झालं असं की, कुरणावरच्या मेळ्यात बायकांची रस्सीखेच असते आणि दरवर्षी कारा-बुलाकच्या बायका आम्हाला फरफटत नेतात, हे तुला माहीतच आहे. यंदा आम्ही मनावर घेतलं. शाळेतले खेळाचे मास्तर एसेनबाय यांनी बजावून सांगितलं होतं की रोज थोडं थोडं ओढा, अंगाला सवय होऊ द्या. आम्ही रोज जमलो, थोडा थोडा चहा घेतला आणि पुष्कळ बोललो. दोर खुंटीलाच राहिला. आणि मेळ्याच्या दिवशी मात्र महिन्याभराचं सगळं एकदम ओढलं! मला अगदी पुढे उभं केलं होतं. माझा आवाज मोठा आहे म्हणून, असं मास्तर म्हणाले. (खरं कारण वजन. पण माणूस सभ्य आहे.)

माझ्यासमोर त्यांच्याकडची पिवळ्या रुमालाची एक धिप्पाड बाई होती. दोर ताणला तशी ती मला म्हणाली, “दमलीस तर बस गं खाली, म्हातारे!” आता तूच सांग, मी म्हातारी? मी ओरडले, “हिच्या घरात जी सून जाईल ना, तिची मला आत्तापासून दया येते!” आमच्या बायका अशा खिदळल्या की दोर हातचा जायचा. पण त्या हसण्यानेच जोर आला म्हण, काय म्हण, आम्ही मागे मागे सरकलो आणि ती पिवळ्या रुमालवाली नाकावर आपटली ती थेट ओढ्याकाठच्या चिखलात. मी नाचले. जिंकल्याबद्दल मिळालेली किटली डोक्यावर घेऊन नाचले. तेवढ्यात आमचे हे आले. तोंड पांढरंफटक. म्हणाले, “उलकान, ती बुरुलसून आहे.” कोण बुरुलसून? तर आपली आयचुरेक ज्या घरी द्यायची ठरलीय, त्या घरची मालकीण! बोलणी पुरुषांत झाली होती, ती दोराला यंदाच पहिल्यांदा लागली होती, आम्ही बायकांनी एकमेकींना पाहिलंच नव्हतं. आठवडा संपायच्या आत ती सोयरीक पक्की करायला, मुलीच्या कानात कुड्या घालायला आमच्या तंबूत येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडले, बाकी काही उघडेना. दंड म्हणजे दगड, मांड्या म्हणजे लाकूड, आणि पाठीबद्दल मी लिहीत नाही, भाओजी पत्र वाचतात. हे म्हणाले, हलू नकोस, पडून राहा. शेजारच्या बातमाने व्होडका चोळायला आणली. थोडी माझ्या पाठीला लागली, उरलेली ह्यांनी आतून चोळून घेतली. मास्तर आले, म्हणाले, पडून राहिलात तर जास्त आखडाल. पाणी प्या, झोप घ्या, आणि सोसेल तेवढं हळूहळू चाला. चाला! मला कूस बदलायची तर आधी घरात कोण कोण आहे ते विचारावं लागत होतं.

तेव्हा आमच्या सासूबाई उठल्या. ताई, लग्न होऊन मुलगी लग्नाला आली, पण या बाईने मला आजवर ‘बरं केलंस’ म्हटलेलं नाही. मी पिठाचे बोरसोक तळले की त्यांना त्या ‘तळलेले खडे’ म्हणतात. त्याच सासूबाईंनी पाहुण्यांसाठी राखलेली मेंढी आधीच कापायला लावली आणि ऊन ऊन कातडीत मला पोरासारखं गुंडाळलं. घाम असा निघाला की व्होडकेसकट सगळं बाहेर. मग मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून त्यांनी माझे दंड, पोटऱ्या, पाठ चोळून काढली. मी ओरडले की म्हणत, “मेळ्यात ओरडलीस तेवढं पुरे. पाय इकडे कर.” मास्तरांचं चालणंही त्यांना पटलं होतं. सकाळ-संध्याकाळ माझा दंड धरून मला ओढ्यापर्यंत नेत, परत आणत. आणि माझ्या वाटणीच्या घोड्या? त्यांच्या धाराही त्यांनीच काढल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून. एकदा चोळता चोळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ओढलंस मात्र झकास.” मी कातडीत तोंड खुपसून रडले. त्यांना वाटलं दुखतंय, म्हणून आणखी जोरात चोळलं.

पाहुणे आले त्या दिवशी मी उभी राहू शकत होते, पण हातांना कापरं होतं. बुरुलसूनबाई आल्या, मानाच्या जागी बसल्या, ताठ. आयचुरेकचं तोंड बघवेना. तिने ते मेळ्यातलं वाक्य ऐकलं होतं, आणि तिकडच्यांनीही. मी चहा ओतायला घेतला. पाहुण्याला पेला अर्ध्याहून कमी भरायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ ‘आता निघा’. हे मी लेकीला लहानपणापासून शिकवत आले. आणि ताई, किटली वाकवली ती हात परत वर येईना! चहा पडतोय, पडतोय, मी बघतेय, सगळे बघताहेत. पेला भरला, वर फुगला, आणि मी तो विहीणबाईंपुढे ठेवला. ह्यांनी डोळे मिटले.

विहीणबाईंनी पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, तो अर्ध्या वाटेत थरथरला आणि मांडीवर पडला. दुसरा केला, तोही पडला. शेवटी त्या बाईने मान खाली घातली आणि वासरासारखा, हात न लावता, पेल्याला तोंड लावून भुर्रकन चहा ओढला. मान वर करून म्हणाल्या, “म्हातारे, माझे हात तर तिथेच दोराला राहिलेत. तुझे?”

मी म्हटलं, “माझे किटलीला.”

मग जे हसू फुटलं ना! हसताना पोट दुखत होतं म्हणून दोघी रडत होतो. मी त्या सुनेबद्दलच्या बोलण्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “दया येते म्हणालीस ना? मग अधूनमधून येऊन खात्री करून जा.” कुड्या घालायला हात कानापर्यंत जाईनात, तेव्हा आयचुरेकनेच त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि त्यांनी खालच्या खाली कुड्या घातल्या. सासूबाईंनी पुरुषांना बाहेर घालवलं आणि आम्हा दोघी विहिणींना शेजारी शेजारी पालथं पाडून चरबी लावली. विहीणबाई माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या, हे मुद्दाम लिहिते. लग्न शरद ऋतूत.

सासूबाईंचे उपकार मी कुठे ठेवू ते कळत नाही. भाओजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चे (हलकेच, माझ्या बोटांना सोसतील एवढे).

तुझी,
उलकान

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या सरोवराकाठी तो गरम चिखल आहे ना, गुडघ्यांवर थापतात तो? सासूबाई जगाचं अंग चोळतात, त्यांचे गुडघे कुणी चोळत नाही. मी बसले एकदा चोळायला, तर म्हणाल्या, तुझ्या हातात जोर नाही. तोंडाने त्या कधी मागणार नाहीत. तू त्यांना आपणहून बोलाव, तुला त्यांची फार आठवण येते असं लिही. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. : पण आत्ता लगेच बोलावू नकोस. जिल्ह्याच्या मेळ्यासाठी विहीणबाईंनी आणि मी दोन्ही गावांचा एकच संघ केला आहे. तो होऊन जाऊ दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई इथे हव्यात.