दहा म्हणजे दहा

२५ ऑगस्ट, रविवार
लुंडला, विद्यापीठाच्या गावी पोचलो. उत्तरेतल्या आमच्या गावाहून रात्रभर गाडीत बसून पाठ आखडली, पण मन खंबीर आहे. एका कॉरिडॉरला बारा खोल्या आणि स्वयंपाकघर एकच. माझी खोली टोकाची. निश्चय: रोज सहाला उठायचं. कोणावर अवलंबून राहायचं नाही. आईला काळजी वाटेल असं काही सांगायचं नाही.

निघताना स्टेशनवर बाबा म्हणाले, नाही जमलं तर परत ये, गिरणीत तुझ्यासाठी जागा धरून ठेवायला सांगितलंय. आमच्या घरातला विद्यापीठात जाणारा मी पहिलाच. बाबा प्रेमानेच म्हणाले, पण नंतर गाडीत आईचा डबा उघडलाच नाही. प्रवासामुळे असेल.

२८ ऑगस्ट
स्वागताचं भाषण. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "इथे तुमच्या मागे कोणी लागणार नाही. अभ्यास स्वतंत्र असतो." वाक्य लिहून घेतलं. नंतर बघितलं तर अक्षर लागेना. पेन खराब होतं.

नंतर नव्या मुलांसाठी ओळखीचे खेळ. कागदी टोप्या, गाणी, हातात हात धरून गोल फिरणं. मी संख्याशास्त्र शिकायला आलोय, बालवाडीत नाही. बाथरूमला जातो म्हणून निघालो तो थेट खोलीवर. दार आतून लावून घेतलं.

२ सप्टेंबर, सोमवार
पहिलं लेक्चर. टाइमटेबलवर दहा लिहिलंय. आमच्या गावात दहा म्हणजे दहा, त्याआधीच बूट घालून उभे असतात सगळे. मीही ठोक्याला हजर. हॉल रिकामा! दिवे चालू, माणूस एक नाही. पाच मिनिटं बसलो. मग वाटलं, आता कोणीतरी येऊन विचारणार, तू इथे काय करतोयस? मागच्या दाराने सायकल गाठली.

वाटेत डोक्यात प्रकाश पडला. स्वतंत्र अभ्यास! बाईंनी सांगितलंच होतं. शिकवायला कोणी येतच नाही. हॉल फक्त बसून विचार करायला.

५ सप्टेंबर
परत रिकामा. फळ्यावर कोणाची तरी सूत्रं राहिली होती, ती उतरवून घेतली. एक अक्षर कळलं नाही. बाकीची मुलं घरीच शिकत असणार. इतकी हुशार आहेत की त्यांना हॉलचीसुद्धा गरज नाही.

८ सप्टेंबर, रविवार
आईचा फोन. तिकडे एल्क हरणांची शिकार सुरू झालीय, बाबांना पहिल्याच दिवशी मोठा नर मिळाला. लेक्चर्स कशी आहेत, तिने विचारलं. म्हणालो, एकदम शांत वातावरण. मित्र झाले का? म्हणालो, इथे फार गर्दी नाही. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१२ सप्टेंबर
स्वयंपाकघरात पावलं वाजत नाहीत याची खात्री करून मॅकरोनी टाकली. तरी शेजारच्या खोलीतल्या तूवाने गाठलंच. ती तिसऱ्या वर्षाला, मोठ्याने हसणारी. मी संख्याशास्त्राला आहे म्हटल्यावर विचारते कशी, रांगहिल्ड अजून वर्गात बटाटे घेऊन येते का? म्हणालो, हो, पोतंभर. ती खूश. मी मॅकरोनी गॅसवर तशीच टाकून पळालो. रात्री कडक राय-पाव आणि ट्यूबमधलं कॅव्हिअर, म्हणजे माशाच्या अंड्यांची स्वस्त पेस्ट. चौथा दिवस.

ही रांगहिल्ड कोण? तूवाच्या वेळी शिक्षक असावेत. नंतर काटकसरीत बंद केले असतील.

१६ सप्टेंबर
जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हॉल रिकामा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा योगायोग असू शकत नाही. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर.

पुस्तकात मात्र पान अकरावरच आहे. चौथ्यांदा. उद्यापासून रोज चाळीस पानं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: पान अकरा उघडलं की पाचावर धारण बसते. सगळ्यांना एकट्याने जमतं, मला जमत नाही.

१९ सप्टेंबर
उत्तरेकडच्या गाडीची वेळ बघून ठेवली. नुसती माहिती असावी म्हणून. बॅगही भरली. खोली आवरलेली दिसते.

२३ सप्टेंबर, सोमवार
समोरून वारा, त्यात सायकलची चेन उतरली. वीस मिनिटं उशीर. म्हटलं, रिकाम्या हॉलला काय फरक पडतो. तर आतून हसण्याचा आवाज. दार उघडलं. हॉल खच्चून भरलेला! फळ्यापाशी पांढऱ्या केसांची बाई, हातात बटाटा. सगळी डोकी माझ्याकडे वळली. "सॉरी, चुकीचा हॉल," म्हणालो आणि दार लावून घेतलं. मग लेक्चर सुटेपर्यंत टॉयलेटमध्ये बसून राहिलो.

संध्याकाळी तूवाला सांगावंच लागलं.

"तू दहाला जायचास? दहाला?"

"टाइमटेबलवर दहाच आहे."

"अरे एलोफ, इथे दहा म्हणजे सव्वादहा. पहिली पंधरा मिनिटं कोणी धरतच नाही. पूर्वीपासूनची पद्धत आहे. त्या टोप्यांच्या खेळात सांगतात की."

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. गपचूप मला सॉसेज तळून दिलं. त्याने जास्त लाज वाटली.

२४ सप्टेंबर
नवी सुरुवात. बॅग रिकामी केली. विद्यापीठाची किल्ली आता माझ्या हातात आहे: प्रत्येक वेळेत पाव तास मिळवायचा. धुलाईघरातही नोंदवलेल्या वेळेत पाव तास मिळवून गेलो. कोणीतरी माझ्या मशीनमध्ये स्वतःचे कपडे टाकून बसलेला. अडाणी माणूस, विद्यापीठाशी संबंध नसावा.

२६ सप्टेंबर
सव्वादहाला लेक्चर. शेवटच्या रांगेत बसलो. रांगहिल्डने विचारलं, कोणाला काही शंका? मला पहिल्या पानापासून सगळ्याच होत्या. हात वर केला, मग केसांतून फिरवून खाली घेतला. परीक्षेला आठवडा आहे. भरपूर झाला.

३ ऑक्टोबर
पान एकोणतीस. उद्या परीक्षा. कागदावर आठ लिहिलंय. मला हसू आलं. नवख्यांची काय धांदल उडेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सव्वाआठला ऐटीत पोचलो. दार बंद. बाहेर देखरेखीच्या आजीबाई विणकाम करत बसल्या होत्या. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"परीक्षेला सव्वा नसतो, बाळा. आठ म्हणजे आठ."

उशीर झालेल्यांना साडेआठला आत सोडतात. उशीर झालेला मी एकटाच. बाकावर बसून राहिलो आणि दारापलीकडे ऐंशी पेनांचा आवाज ऐकला, किंवा तसा भास झाला. इतकी भीती शाळेच्या पहिल्या दिवशीही वाटली नव्हती. आत गेल्यावर पहिलं नाव लिहिलं. चार प्रश्न होते. बटाट्यांचा अर्धा आला.

६ ऑक्टोबर, रविवार
आईचा फोन. छान चाललंय असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "आई, मला भीती वाटते गं."

ती म्हणाली, "माहितीये. ऑगस्टपासून सगळं छान आहे म्हणतोयस."

मग परीक्षेचं सगळं सांगून टाकलं, आणि बाबा फोनवर आले. गिरणीतली जागा दुसऱ्याला द्यायला सांगितलीय, म्हणाले. पुढच्या परीक्षेचं बघ, म्हणाले. मला रडू आलं. त्यांना म्हणालो, मला सर्दी झालीय.

पास होणं शक्यच नाही, फेरपरीक्षा नोव्हेंबरात. कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. पावलं वाजत होती तरी गेलो. तूवाला विचारलं, हे आठ म्हणजे आठ की सव्वाआठ? आठ, ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, त्या दिवशी तुझ्या दारावर थाप मारू का, जाऊ दोघं मिळून?

गरज नाही, म्हणालो. मी स्वतंत्रपणे जाईन.

दारापर्यंत आलो. परत फिरलो आणि म्हणालो, मार.