किल्ला खाली केला

तात्या, आज सकाळी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चाकणच्या किल्ल्याचं नाटक झालं. तुमचंच, कंपनीच्या गणपतीत तुम्ही करायचात ते. फक्त शेवट मी बदलला. तुमची ही लेक कुरुळीच्या शाळेत इतिहास शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी अजून शिकतच होते. तालमीत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, किल्लेदार मेलाच पाहिजे हो! चालत बाहेर पडला तर लोकांनी टाळ्या कशाला वाजवायच्या?" मी म्हटलं, "सर, तो खरंच चालत बाहेर पडला होता." तर म्हणतात, "ते पुस्तकात असू द्या."

तुमचा किल्लेदार मात्र झकास मरायचा. नखांत लेथचं तेल तसंच, हातात पत्र्याची तलवार, आणि मरायला चांगली पाच मिनिटं. एका वर्षी तुम्ही लोळत लोळत इतके पुढे आलात, की पडदा तुमच्या मागे पडला. सगळी कंपनी समोर, आणि मेलेला किल्लेदार पडद्याच्या बाहेर! थोडा वेळ तसेच पडून राहिलात. मग उठलात, तलवार काखेत मारलीत आणि पायऱ्या उतरून सरळ चालायला लागलात. आई तोंडात पदर कोंबून हसतेय, आणि मी लाजेनं मान खाली घालून बसलेय. घरी आल्यावर मिशी सोलत तुम्ही म्हणालात, "आगं, खरा किल्लेदार बी चालतच गेला व्हता. दोन म्हैने मोगलांशी झुंजला, बुरूज उडाला, मंग उरलेली माणसं घेऊन भाईर आला. नाटकात आमी त्येला मारतो, लोकांस्नी बरं वाटावं म्हणून."

मी दहावीत असताना कंपनीत संप झाला. तुम्ही युनियनचे पुढारी, मुक्काम गेटसमोरच्या मांडवात. संप लांबला, माणसं खचली, आणि शेवटी तुम्ही करारावर सही केलीत. सगळे कामावर परत, तुम्ही सोडून. ती अट तुम्ही स्वतःहून मान्य केली होती, हे आईनं मला फार नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की वर्गातली पोरं म्हणतायत, तुझा बाप फुटला. तुम्ही चुलीजवळ जेवायला बसला होतात, ताटात पिठलं-भाकरी. मी म्हटलं, "शरण गेलात तुम्ही. नाटकात तेवढे मरता." आईचा हात परातीतच थांबला. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "शरण न्हाई, पोरी. किल्ला खाली केला." बस्स, एवढंच. त्यानंतर तुम्ही कधी तोंडाला रंग लावला नाहीत.

आणि मी? इतकी वर्षं फळ्यावर 'किल्लेदार शरण गेला' असंच लिहीत आले. नाटकवाले खोटं मरण दाखवतात म्हणून मी चिडायचे, पण खडूनं लिहिलेला माझा शब्द कधी तपासला नाही. किल्ला हातचा गेला होता, ते खरंच आहे. तुम्हीही हरलाच होतात, ते मी झाकत नाही. पण बाकीच्यांची भाकरी राखून तुम्ही स्वतःची सोडलीत, त्याला शरण म्हणत नाहीत. हे कळायला मला डोक्याचे केस पांढरे करावे लागले.

आज सूत्रधार झालेली सातवीतली मुलगी नेमकी तिथंच अडली. "आणि मग किल्लेदारानं किल्ला..." म्हणाली आणि विंगेत माझ्याकडे बघायला लागली. वही माझ्या हातात, शब्द मीच लिहिलेला. मी तो इतक्या मोठ्यानं सांगितला, की माइकवर गेला. "खाली केला!" मांडवभर हशा पिकला. मग मुलं एकामागून एक पायऱ्या उतरून गेली, किल्लेदार सगळ्यांच्या शेवटी. टाळ्या जेमतेमच पडल्या. सरांचं तोंड वाकडं झालं. होऊ दे.

हे पत्र कुठं टाकणार? नाटकाच्या वहीतच राहील. मुलांना खरा इतिहास कळावा म्हणून शेवट बदलला, असं मी सरांना सांगितलं. खोटं सांगितलं, तात्या. मला तुम्हाला त्या पायऱ्या उतरताना पुन्हा एकदा बघायचं होतं, आणि या वेळी मान खाली घालायची नव्हती.