हरेल त्याचा रविवार

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या (निदान मागच्या महिन्यापर्यंत लाडक्या) भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण गुडघ्याच्या डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे आणि जे करता येत नाही ते नुसतं कागदावर करणं मला पटत नाही, तेव्हा हा उभ्यानेच गोड मानून घे. तुझा रक्तदाब, तुझा डावा कान आणि तुझे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिघेही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे आई ठणठणीत आहे. मी बरी आहे. नवरा आपण बरे आहोत असं म्हणतो, पण पालथा पडून म्हणतो. त्याचं कारण पुढे येईल.

तुझं तीन ओळींचं कार्ड पोचलं. भर सभेत मी बाबांच्या नावाचा कप परत केला, ही पहिली ओळ. तुझ्या धाकट्या भावाच्या नावाला मी काळं फासलं, ही दुसरी. यापुढे मला पत्र लिहू नकोस, ही तिसरी. तिसरी ओळ मोडून हे लिहिते आहे. तुला ठाऊकच आहे, अकरा वर्षांची असल्यापासून मी रोजनिशी लिहिते, आणि पोटासाठी वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासते. म्हणजे दिवसभर लोकांचा काटा बघायचा आणि संध्याकाळी स्वतःचा. तुझं कार्ड वहीत ठेवून मी चार दिवस स्वतःला तपासलं. दोन चुका सापडल्या, त्या जागच्या जागी कबूल करीन. माफी मात्र मागणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तू तिची वाट बघत शेवटपर्यंत वाचशील आणि मग जास्त चिडशील.

सभेची हकिकत तुला इथेच राहणाऱ्या तुझ्या चिरंजीवांनी फोनवर सांगितली असणार. (त्याच्या हकिकतीत किलोमागे दीडशे ग्रॅम कमी असतात हे मी नातेवाईक म्हणून नाही, खात्याची माणूस म्हणून सांगते.) तू लग्न करून लांब गेलीस, त्यामुळे बाबांचे रविवार तू ऐकलेस, पाहिले नाहीस. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

बाबा कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. आयुष्यभर परीक्षानळ्या विसळल्या. व्हॉलीबॉलच्या संघाचे व्यवस्थापक त्यांना कोणी नेमलं नव्हतं. आधीचे व्यवस्थापक आठ दिवसांच्या रजेवर गेले ते परत आलेच नाहीत, आणि बाबा चौतीस वर्षं त्यांची वाट बघत ते काम सांभाळत राहिले. मैदानावरून त्यांनी दिलेली आरोळी दोन इमारती पलीकडे वाचनालयात ऐकू जायची, म्हणून पोरं त्यांना ‘भोंगा’ म्हणायची, तोंडावर. एवढा भोंगा असूनही संघ हरायचा. माझ्या वह्यांमध्ये दोनशे बारा सामन्यांची नोंद आहे, त्यातले एकशे एकसष्ट आपण हरलो. (एक सामना मी दोनदा लिहिला असावा असा संशय आहे. तो धरला नाही.)

एकदा ओळीने तिसरा सामना हरून पोरं कपडे बदलायच्या खोलीत माना टाकून बसली होती. बाबा म्हणाले, ‘तोंडं पाडून बसायला रविवारी येणारच आहात, तर फावडी घेऊन या.’ मैदानामागचं गटार तुंबलेलं होतं. रविवारी पोरांनी ते उपसलं. दुपारपर्यंत त्यांना इतकी भूक लागली की पराभव आठवायला पोटात जागा उरली नाही. पुढच्या सामन्याआधी बाबांनी समोरच्या संघाच्या व्यवस्थापकालाही गळ घातली, आणि नियम झाला. हरेल त्याचा रविवार. जो संघ हरेल त्याने पुढच्या रविवारी वस्तीतलं एक काम करायचं: गटार, वाचनालयाच्या खुर्च्या, वृद्धाश्रमाच्या खिडक्या, दवाखान्याच्या भिंती. हळूहळू आसपासच्या सगळ्या कॉलेजांनी तो मान्य केला. इतकं हरणारा संघ दुसऱ्या कुठल्या वस्तीला लाभला नसेल. आमच्याकडे गटार तुंबलं की लोक नगरपालिकेत जायचे नाहीत, बाबांना गाठून विचारायचे, ‘पुढची मॅच कधी?’

मग एक वर्ष ‘शिडी’ नावाचा एक उंच मुलगा संघात आला आणि आपण ओळीने सात सामने जिंकलो. घरावर शिष्टमंडळ आलं. चपला शिवणारे काका, वाचनालयाच्या बाई आणि दवाखान्याच्या मोठ्या नर्सबाई. नर्सबाई म्हणाल्या, ‘पोरं जिंकतायत, कौतुक आहे. पण भिंतीचे पोपडे पेशंटच्या अंगावर पडतायत. एखादी हरता येणार नाही का?’ बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. मुद्दाम हरा असं पोरांना सांगणं पाप, आणि पोपडेही खरे. रविवारी सकाळी ते एकटेच बादली घेऊन निघाले. दहा वाजता शिडी आला, अकरापर्यंत सगळा संघ. त्या दिवशीच्या माझ्या वहीत आईचं एक वाक्य आहे: ‘ह्या माणसाला हरायला हरावंही लागत नाही.’

इतरांचे वडील रविवारी मुलांना सर्कशीला न्यायचे, आमचे गटारावर. आई बाराजणांचे डबे घेऊन मागून यायची आणि चुना कालवणं चुकलं की तिथेच सांगायची. माझा नवरा म्हणजे एका हरलेल्या पाहुण्या संघाचा कप्तान. वृद्धाश्रमाचे गज रंगवता रंगवता त्याने स्वतःचा सदरा रंगवला, तेव्हा बाबांनी मला टर्पेंटाइन घेऊन त्याच्याकडे पाठवलं. जावई त्यांनी पराभूतांमधून निवडला, आणि ते हे चारचौघांत अभिमानाने सांगायचे. (जावई तेव्हा छताकडे बघायचा.)

आता पहिली चूक. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झाले होते, हे तुला कोणी कळवलं नव्हतं. घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. बाबांनी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, खिशात घातली आणि म्हणाले, ‘बरं. मग रविवारी ये.’ बस. रविवारी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि सबंध दिवस परीक्षेचा ‘प’ काढला नाही. तेव्हा सभेत मी बोलले ते सगळं बाबांसाठी बोलले असं नाही. त्यात थोडी त्या रविवारची मीही होते. दुसऱ्याच्या स्मरणसभेत माणसाने स्वतःसाठी बोलू नये. ही चूक मान्य.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. ते गेले तेव्हा दवाखान्याच्या बसायच्या खोलीच्या दोन भिंती रंगवून झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. त्या अजून राहिल्याच आहेत, कारण कॉलेजच्या नव्या क्रीडा समितीने दोन महिन्यांतच नियम रद्द केला. कारण लेखी दिलं आहे: ‘खेळाडूंचे मनोबल खचते.’ चौतीस वर्षांत मनोबल खचलेला एकही खेळाडू माझ्या पाहण्यात नाही. पाठ धरलेले पुष्कळ आहेत.

आणि त्याच समितीने सभा घेतली. कॉलेजचा मोठा हॉल, व्यासपीठावर टेबल, टेबलावर अडीच फुटी कप: दरवर्षी विजेत्या संघाला बाबांच्या नावाने द्यायचा. कपावर बाबांचं चित्र कोरलेलं. (मिशी कोरणाऱ्याच्या पदरची. ते बँकेच्या रखवालदारासारखे दिसतात.) खाली मजकूर: ‘विजयाचा एकच ध्यास घेतलेल्या, मितभाषी क्रीडाप्रेमीच्या स्मरणार्थ.’ प्राचार्यांनी तो मोठ्याने वाचला. ‘मितभाषी’ला मागच्या बाकांवर जुने खेळाडू बसले होते तिथून खोकल्याची साथ आल्यासारखा आवाज आला.

मला आभाराची दोन मिनिटं दिली होती. आभार लिहूनही नेले होते. पण आत्या, पाकिटावर एक किलो छापलं असेल आणि आत आठशे ग्रॅम भरलं, तर मी दुकानदाराला आभाराचं पत्र देत नाही, नोटीस देते. मी उभी राहिले आणि म्हणाले की या मजकुरातला क्रीडाप्रेमी तेवढा खरा आहे, बाकीचं वजन कमी भरतं. आमच्या घराला हे घेता येणार नाही. बाबांच्या नावाने काही करायचंच असेल तर त्यांचा नियम परत सुरू करा आणि कप हरणाऱ्यांना द्या.

प्राचार्य हसून म्हणाले, ‘अहो ताई, हरणाऱ्यांना कप दिला तर जिंकायला कोण येईल?’ मी म्हटलं, चौतीस वर्षं येत होते तेच. आई पहिल्या रांगेतून म्हणाली, ‘आणि एवढं धूड घासायचं कोणी?’ तेव्हा समितीचे अध्यक्ष उठले. त्यांनी खांद्यावरचा कोट नीट केला आणि म्हणाले, ‘खेळाचा एवढा पुळका आहे ना, मग उतरवा तुमच्या घरचा संघ. आमच्या स्टाफशी खेळा. जिंकलात तर तुमचा नियम परत. हरलात तर कप, मजकूर, मिशी, सगळं मुकाट घ्यायचं.’

मी म्हटलं, ‘उतरवतो.’

ही दुसरी चूक. ‘उतरवतो’ हे अनेकवचन मी कोणालाही न विचारता वापरलं. त्या दिवशी रोजनिशीत एवढंच आहे: शब्द दिला. मला सर्व्हिस करता येत नाही.

आता गंमत बघ. ज्या माणसाने आयुष्यभर हरणाऱ्यांची बूज राखली, त्याच्यासाठी आपल्याला जिंकणं भाग आहे. यावर मी तीन पानं लिहिली आणि उत्तर आलं नाही, म्हणून सराव सुरू केला. नवऱ्याचा हात कानाच्या वर जात नाही. पहिल्याच दिवशी त्याने तो नेला, तेव्हापासून तो पालथा आहे. भाऊ मोबाइल खिशात ठेवून खेळतो आणि परवा चेंडू हवेत असताना त्याने फोन घेतला. (वहिनीचा होता. ती जाळीच्या पलीकडून त्याला ‘चेंडू बघ’ असं सांगायला करत होती.) खेळ कळतो तो एकट्या वहिनीला, ती आम्हाला ज्या शब्दांनी हाक मारते ते तुझ्या वयाच्या बाईला लिहिणं बरं नाही. आणि पाचवा खेळाडू तुझा मुलगा. तुला फोन करून माझी चहाडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो नवे बूट घालून दारात उभा. म्हणाला, ‘मामाचा नियम आहे, मी घरी बसून कसं चालेल? आईला फक्त सांगू नकोस.’ सांगितलं.

तू म्हणशील, मोठ्या माणसांचा मान ठेवायला हवा होता. प्राचार्यांना मी दोन्ही वेळा सर म्हटलं. पण बाबा गेले म्हणून त्यांना कोणीही कसंही घडवावं आणि आम्ही हार घालून फोटो काढावा, हे माझ्याकडून होणार नाही. ते बडबडे होते, हरणारे होते, रविवारी त्यांच्या नखांत चुना असायचा. एवढंच नाव होतं त्यांचं. त्याला मी काळं फासलेलं नाही, फक्त वरचा मुलामा खरवडला. उद्या पुन्हा सभा झाली तर पुन्हा खरवडीन. तुला राग आला असेल तर तो तू खुशाल ठेव, मीही माझा ठेवला आहे.

भाडेकरूंना नमस्कार सांगण्याइतकं बरं चाललं असेल तर सांग. तब्येतीला जप, आणि कानाचं यंत्र कपाटात न ठेवता कानात ठेव.

तुझी (हे तू खोडलंस तरी) भाची

ता. क. हे पत्र भांडणासाठी लिहिलेलं नाही. सहावा खेळाडू मिळत नाही. बाबा नेहमी सांगायचे की व्हॉलीबॉल त्यांना ताईने शिकवला, आणि ताईची सर्व्हिस कॉलेजात पोरांनाही उचलता यायची नाही. चौऱ्याहत्तर हे वय नियमात बसतं का म्हणून मी नियमावली दोनदा वाचली आणि पंचांच्या संघटनेला लेखी विचारलं. वयाची अट नाही. तू फक्त सर्व्हिस करायची, बाकी वेळ उभं राहायचं. तुझ्या वाट्याचे चेंडू वहिनी घेईल, तशी ती सगळ्यांच्याच वाट्याचे घेते. सामना येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, चार वाजता.

ता. क. २. मी कप परत केला हे मात्र साफ खोटं आहे. ‘घेता येणार नाही’ म्हणून तावातावाने बाहेर पडले तेव्हा तो माझ्या काखेत होता. कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं. याला चोरी म्हणतात का, हे मी प्राचार्यांनाच लेखी विचारलं. ते म्हणतात, सामन्यापर्यंत राहू द्या. आई त्यात छत्र्या ठेवते.

ता. क. ३. आई म्हणते, नावाबिवाचं कशाला लिहिलंस, त्याने ती यायची नाही. तिला फक्त कळव की काल सरावाला दवाखान्याच्या नर्सबायकांनी आपल्याला पंचवीस-चार हरवलं. कळवलं. चारांपैकी दोन गुण त्यांच्याच चुकीचे. तेव्हा नियमाप्रमाणे या रविवारी आम्ही सगळे तिथे तिसरी भिंत रंगवतो आहोत, नवराही, खालचा भाग. म्हणजे नियम सुरू झालाच, समितीला कळवायचं तेवढं राहिलं आहे. चौथ्या भिंतीसाठी आता कोणालातरी हरावं लागेल. ते कोणी, हे तुझ्या सर्व्हिसवर आहे.