सहा चाली आणि लाल दिवा

१० फेब्रुवारी, सोमवार

सहाही गाण्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फुटला आहे. इंदूरच्या प्रसादने दुपारी फोनवर पक्कं सांगितलं. स्टुडिओत मिक्सिंग करतो, उगाच बोलणारा नाही. "काका, आवाज आत येतानाच कापला गेलाय. आता कॉम्प्युटरवर कितीही कमी करा, फाटलेलं तसंच राहणार."

बत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. डोकं कापून छापलेला फोटो दुसऱ्या दिवशी लहान करून छापला म्हणून डोकं परत येत नाही, एवढं मला कळतं.

वीस तारखेला वसुधाच्या थायरॉइडचं ऑपरेशन. आवाज बदलू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. उज्जैनच्या सुमित्राबाईंनी शिकवलेल्या या सहा चाली तिच्याशिवाय कुणाला येत नाहीत. बाई गेल्या. म्हणून तर घरात माइक आणला.

आणि दिला कुणाच्या हाती — तिच्या भावाच्या, माझ्या मेहुण्या हेमंतच्या!

११ फेब्रुवारी, मंगळवार

हेमंत कारखान्यातून निवृत्त झाला, इथेच सोनागिरी वसाहतीत राहतो. मराठी मंडळाचे गणपतीतले कार्यक्रम वर्षानुवर्षं त्यानेच कॅसेटवर उतरवले. तेव्हाचा त्याचा नियम — आवाजाच्या मीटरचा काटा लालला टेकला पाहिजे, नाहीतर टेपची खरखर वर येते. टेप गेली, नियम राहिला.

फोन केला. "आवाज जास्त होऊन लाल दिवा लागत होता, तुला दिसला नाही?"

"लागला असेल, भाऊजी."

"असेल म्हणजे?"

"चुकलंच."

एरवी एका बटणावर अर्धा तास बोलणारा माणूस! संताप अजून उतरलेला नाही.

१२ फेब्रुवारी

जेवताना वसुधा म्हणाली, "त्याला बोलू नका." भावाची बाजू घेणारच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा सुरुवात. प्रसादने बजावलं आहे : आधी सर्वांत चढी ओळ गाऊन घ्या, तेव्हाही आवाज दाखवणारी दिव्यांची पट्टी हिरव्यातच राहू दे. बारीक वाटलं तरी चालेल, बारीक आवाज नंतर वाढवता येतो. पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर कोलार रोडवरून जाणाऱ्या डंपरवर मात्र इलाज नाही.

माइक ज्या डब्याला जोडतात तो वसुधाच्या हाताशीच टेबलावर असतो. आवाज किती आत घ्यायचा ते ठरवणाऱ्या त्यावरच्या गेनच्या बटणाला हेमंतने पांढरी चिकटपट्टी लावली, पेनाने रेघ मारली. "अब इसको कोई नहीं छेड़ेगा," म्हणाला. चोर तोच, चौकीदारही तोच. आणि बघत होता वसुधाकडे, जणू तिलाच ताकीद.

दोन गाणी झाली. स्वच्छ. तिच्या गळ्याला दिवसाला दोनच झेपतात. उद्या विश्रांती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्या गाण्याआधी मी कोमट पाणी आणायला आत गेलो. परत आलो तर गाणं सुरू झालेलं. अंतऱ्यात पहिल्याच तानेला लाल दिवा. बटण पाहिलं — रेघ सरकलेली. हेमंतकडे वळलो.

"हात लावलास?"

"लागला असेल."

"तुझं कॅसेटचं डोकं बदलणार नाही. उद्यापासून येऊ नकोस, मी बघतो."

हेल्मेट उचललं आणि गेला. चहाही न घेता. वसुधा उरलेला दिवस खोलीतून बाहेर आली नाही. पाच दिवस राहिले आणि हा माणूस हात लागला असेल म्हणतो!

१६ फेब्रुवारी, रविवार

बटण वसुधा फिरवत होती. सकाळी तिनेच सांगितलं.

महिनाभर झाला, खालचे सूर तिचे तिलाच ऐकू येत नाहीत. लागतच नाहीत पूर्वीसारखे. गाताना कानांवर लावते त्या हेडफोनचा आवाज आधीच पूर्ण वाढवलेला, म्हणून हात गेनकडे जायचा. खालचं ऐकू आलं की चढी ओळ फुटायची.

"हेमंतला माहीत होतं?"

"गाणी फुटली तेव्हा कळलं. मीच म्हटलं, यांना सांगू नकोस. ऑपरेशनच्या आधीच आवाज गेला, असं वाटेल तुम्हाला."

बातमी दोन्ही बाजू विचारल्याशिवाय सोडायची नाही, हे मी बत्तीस वर्षं इतरांना शिकवलं.

हेमंतला फोन केला. माफी मागायला. तोच आधी म्हणाला, "हेडफोन एका कानावरून काढून गाऊ दे तिला, स्वतःचा आवाज थेट ऐकू येईल, म्हणजे बटणाची गरज नाही. उद्या दहाला येतो, भाऊजी."

उद्या दोन गाणी, परवा दोन. बुधवारी वसुधा दवाखान्यात दाखल.